गोरखगडाच्या पायथ्याशी एक रात्र

(मार्च महिन्यात एका शाळेतील आठ विद्यार्थी व दोन शिक्षक म्हसा गावाहून गोरखगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलींवरून गेले आणि तंबूत एक रात्र राहिले. त्या सहलीची हकिकत त्यांच्यापैकी एका शिक्षकांनी येथे सांगितली आहे.)

मुलांनो, वाळवंट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग आणि डोक्यावर तळपणारा सूर्य. आपल्या देशात राजस्थानातील जैसलमेरच्या बाजूला असे वाळवंट आहे. तेथे वर्षभरात दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ठाणे जिल्ह्यातील आमच्या मुरबाड तालुक्यात मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांतच दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. ओढे भरून वाहतात, रस्ते बंद होतात, घरांच्या भिंतींना ओल येते. अशा तालुक्यात एका घोटभर पाण्यासाठी आमच्यावर अडून बसण्याची वेळ येईल, असे जर कोणी मला आधी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

आमच्या सहलीची सुरुवात म्हसा गावातून झाली. म्हसा हे मुरबाडपासून जवळच असलेले बाजाराचे गाव. पौष पौर्णिमेला येथे खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत गुरांचा बाजार भरतो. दुरून दुरून शेतकरी बैल घेऊन येतात. घोंगड्यांची दुकाने लागतात. मार्चमध्ये त्या मैदानावर धूळ आणि गुरांच्या खुरांच्या खुणा एवढेच उरलेले असते. तेथेच पहाटे साडेपाच वाजता आम्ही दहा जण जमलो.

सायकली नाना तऱ्हेच्या होत्या. दोघांकडे गिअरच्या नव्या सायकली होत्या. बाकीच्यांकडे काळ्या, उंच, कॅरिअर लावलेल्या साध्या सायकली. माझी सायकल माझ्या वडिलांची. तिचा मागचा ब्रेक लागतो, पुढचा फक्त आवाज करतो. आमचे कवायतीचे सर म्हणाले, "उतारावर आधी मागचा ब्रेक, मग पुढचा. नुसता पुढचा दाबाल तर हँडलवरून पुढे उडाल." माझ्या बाबतीत ती भीती नव्हती!

पाण्याचा हिशेब मी स्वतः केला होता. प्रत्येकाजवळ एक लिटरची बाटली, म्हणजे दहा लिटर. शिवाय पाच पाच लिटरचे चार कॅन चार सायकलींच्या कॅरिअरवर बांधलेले. एकूण तीस लिटर. वाटेत एका फाट्यावर हातपंप आहे, हे मला ठाऊक होते. तेथे बाटल्या पुन्हा भरून घ्यायच्या, म्हणजे चाळीस लिटर होतील. ज्या वाडीजवळ तंबू ठोकायचा होता, तेथे विहीर होती. हिशेब वहीत लिहून मी त्याखाली रेघही ओढली होती.

उजाडता उजाडता आम्ही निघालो. समोर पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी होती, त्यामुळे सूर्य उशिरा वर आला. हवा थंड होती. डांबरी रस्ता संपून मुरमाची वाट लागली आणि दोन्ही बाजूंना रान सुरू झाले. ज्यांनी हे रान पावसाळ्यात पाहिले असेल, त्यांना ते मार्चमध्ये ओळखू येणार नाही. सागाची पाने गळून गेलेली. ऐनाचे काळे बुंधे उघडे पडलेले. गवत पिवळे, कोरडे, हात लावला तरी मोडणारे. आणि या सगळ्या कोरडेपणात पळस मात्र केशरी फुलांनी भरलेला! पानाचा पत्ता नाही, नुसती फुले. काटेसावरीची मोठी लाल फुले वाटेवर पडली होती. कुसुमाच्या झाडाला कोवळी लालभडक पालवी फुटली होती, ती दुरून फुलांसारखी दिसत होती. कुठून तरी तांबट पक्ष्याचा टुक् टुक् आवाज एकसारखा येत होता. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, पाणी नाही तरी ही झाडे फुलतात कशी?" चांगला प्रश्न होता. ही झाडे आपली पाने गाळून टाकतात. पानांतून जाणारे पाणी वाचते आणि खोल गेलेली मुळे जमिनीतला ओलावा शोधत राहतात. झाडांचा हा काटकसरीचा हिशेब माझ्या वहीतल्या हिशेबापेक्षा पक्का होता, हे मला संध्याकाळी कळले.

आठ वाजता पहिले पंक्चर झाले. बोरीचा काटा टायरातून आरपार गेला होता. आमच्यात सायकल दुरुस्तीच्या दुकानदाराचा मुलगा आहे. त्याने पाना काढला, चाक सोडले, ट्यूब बाहेर घेतली. मी पाण्यासाठी कॅन सोडायला लागलो. पंक्चर शोधायचे तर ट्यूब पाण्यात बुडवावी लागते आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहावे लागते, हे तुम्हीही दुकानात पाहिले असेल. पण त्याने मला थांबवले. "सर, पाणी कशाला वाया घालवायचे?" असे म्हणून त्याने ट्यूबमध्ये हवा भरली, आपले ओठ जिभेने ओले केले आणि ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवली. एका ठिकाणी तो थांबला. ओल्या ओठाला बारीकशी हवाही थंड लागते. छिद्र तेथेच होते. काचकागदाने ती जागा घासून, सोल्यूशन लावून त्याने पॅच बसवला. त्या दिवशी पाण्याचा विचार करणारा तो एकटाच होता.

फाट्यावरच्या हातपंपापाशी पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. कवायतीच्या सरांनी दांडा खाली दाबला. तो अगदी हलका लागला. दहा वेळा, वीस वेळा दाबला. आतून नुसता खडखडाट. जमिनीतले पाणी खाली गेले होते. मुलांच्या बाटल्या जवळजवळ रिकाम्या होत्या, कारण पंपावर भरायच्या आहेत म्हणून मीच त्यांना पोटभर प्यायला सांगितले होते.

खरे तर तेथूनच परत फिरायला हवे होते. मी तसे केले नाही. वाडीत विहीर आहे, असे म्हणून मी पुढे निघालो.

साडेदहाला आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो. समोर गोरखगड आणि त्याच्या शेजारी मच्छिंद्रगड, असे दोन उंच सुळके उभे होते. नाथपंथातील मच्छिंद्रनाथ व त्यांचे शिष्य गोरखनाथ यांची नावे या गडांना मिळाली आहेत. जंगलात तंबू ठोकायचा तर वनखात्याची परवानगी लागते. म्हणून आम्ही वाडीलगतच्या एका मोकळ्या शेतात, मालकाला विचारून, मोहाच्या झाडाखाली तंबू उभा केला. मुले तापली होती. हातपाय आणि तोंडे धुण्यात एक कॅन रिकामा झाला. मी पाहत होतो आणि गप्प राहिलो. खिचडी, चहा आणि भांडी यांत दुसरा गेला. दुपारी पिण्यात तिसरा संपला. मग मी विहीर पाहायला गेलो. विहीर खोल होती, बांधलेली होती, आणि तिच्या तळाला चिखल होता. त्यात एक बेडूक बसला होता.

चार वाजता दहा माणसांसाठी पाच लिटर पाणी उरले होते आणि सकाळ अजून चौदा तास दूर होती.

त्याच सुमारास चष्मा लावणारा आमचा एक मुलगा झाडाला टेकून बसलेला दिसला. तो मुळात अबोल. त्याची बाटली सकाळच्या पहिल्या तासातच संपली होती. पाणी कमी आहे हे कळल्यापासून त्याने मागितलेच नव्हते. आपली पाळी तो मुकाट्याने दुसऱ्याला देत होता. त्याचे डोके दुखत होते. ओठ सुकले होते. अंग तापले होते. उठून उभा राहिला आणि त्याला उलटी झाली.

अशा वेळी काय करायचे, ते आम्ही दोघाही शिक्षकांना माहीत होते. त्याला दाट सावलीत निजवले. सदऱ्याची बटणे सोडली. कपाळावर व मानेवर ओले फडके ठेवले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी त्याला घोट घोट पाजू लागलो. एकदम भरपूर पाणी दिले तर पुन्हा उलटी होते. कवायतीचे सर सायकल घेऊन मोठ्या गावाकडे जीप पाहायला निघाले. तासाभरात मुलाला बरे वाटले नाही, तर त्याला दवाखान्यात न्यायचे ठरले. शेवटचा कॅन भराभर उतरत होता. बाकीची मुले दूर उभी राहून पाहत होती. कोणीही पाणी मागत नव्हते. त्या वेळी मला काय वाटत होते, ते मी येथे लिहीत नाही. आपल्या मुलाला शिक्षकाच्या भरवशावर पाठवणारे आईवडील ते समजू शकतील.

तेवढ्यात नदीच्या बाजूने एक बाई वर चढून आली. डोक्यावर एकावर एक दोन हंडे. तिने आमच्याकडे पाहिले, हंडे उतरवले आणि सरळ मुलाजवळ येऊन बसली. त्याच्या कपाळाला हात लावला.

"गुरुजी, याला ऊन बाधलंय. फडकं सुकू देऊ नका," ती म्हणाली. मग वरचा हंडा माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हे पाणी घ्या."

मी म्हणालो, "मावशी, मग तुम्हांला?"

"मला काय, उद्या पुन्हा जायचंच आहे," असे म्हणून तिने दुसरा हंडा डोक्यावर घेतला आणि ती वाडीकडे गेली.

त्या हंड्यात बारा-पंधरा लिटर पाणी असेल. ते आम्ही फडक्याने गाळून, उकळून घेतले. सूर्य मावळेपर्यंत मुलाच्या उलट्या थांबल्या. जीप आली, पण तोवर तो उठून बसला होता. जीपवाल्या भाऊंनी त्याला पाहिले आणि ते म्हणाले, "मी गावातच आहे. रात्री गरज पडली तर हाक मारा." आठच्या सुमारास त्याने स्वतःहून खिचडी मागितली. संध्याकाळच्या नमाजासाठी मुलांनी वुजू केली, तेव्हा एकाने पेला भरून घेतला आणि उरलेल्या अर्ध्या पेल्यात दुसऱ्याने भागवले. मी काही सांगितले नव्हते.

रात्री शेकोटी पेटवायची असे मुलांनी महिनाभर आधी ठरवले होते. ती आम्ही पेटवली नाही. समोरच्या डोंगरावर अंधारात एक लाल रेघ वाकडीतिकडी सरकताना दिसत होती. तो वणवा होता. मार्चमधले गवत एका ठिणगीने पेटते आणि मग डोंगरच्या डोंगर जळतो. घरटी, रोपटी, सरपटणारे जीव, काहीच वाचत नाही. कोणी विडी टाकून जातो, कोणी मुद्दाम गवत पेटवतो. आम्ही दुपारची चूल नांगरलेल्या जमिनीवर, पाचोळा झाडून मांडली होती आणि नंतर ती मातीने बुजवली होती. विझवायला पाणी कोठे होते?

शेकोटीवाचून गप्पा मात्र रंगल्या. दक्षिणेला सिद्धगडाचा डोंगर काळा दिसत होता. याच सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हे स्वातंत्र्यसैनिक हुतात्मा झाले. ते कसे लपून राहत असतील, काय खात असतील, असे मुले विचारू लागली. दुकानदाराच्या मुलाने विचारले, "पाणी कुठून आणत असतील, सर?" जानेवारीत झऱ्यांना पाणी असते, एवढे मी सांगितले. मग रातवा पक्षी बोलू लागला आणि एकेक जण झोपी गेला.

मला झोप लागली नाही. पहाटे चार वाजता वाडीतून विजेऱ्यांचे उजेड नदीकडे उतरताना दिसले. मी मागोमाग गेलो. नदीचे पात्र कोरडे होते. त्यात कमरेइतका खोल खड्डा खणला होता. अशा खड्ड्याला येथे डवरा म्हणतात. तळाशी पाणी पाझरत होते. ते ओंजळभर जमले की एक बाई करवंटीने ते उचलून हंड्यात ओतायची आणि पुन्हा जमण्याची वाट पाहायची. मी घड्याळ लावून पाहिले. एक हंडा भरायला जवळजवळ अर्धा तास लागत होता. रांगेत सात बायका होत्या. कालची मावशी पाचवी होती. मी तिच्याशी बोललो, तेव्हा कळले की आदल्या दिवशी ती दुपारी बारा वाजल्यापासून तेथे बसली होती. तेव्हा कोठे तिला दोन हंडे मिळाले होते. त्यांतला एक आमच्याकडे आला होता.

एवढा पाऊस पडूनही असे का होते? सह्याद्रीचा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी फारसे मुरत नाही. उतार तीव्र असल्यामुळे पावसाचे पाणी ओढ्यांतून नद्यांत आणि नद्यांतून समुद्राकडे धावत सुटते. रान तुटले की ते आणखी वेगाने धावते. जे अडते, ते मोठ्या धरणांत अडते. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. ते १८९२ साली पुरे झाले. तेथेच भातसा धरण आहे. या धरणांचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. मुरबाडच्या बाजूचे बारवी धरण कारखान्यांना व शहरांना पाणी पुरवते. मुंबईत तुमचे नातेवाईक असतील, तर त्यांच्या नळाला येणारे पाणी या डोंगरांतूनच गेलेले आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहराला पाणी नको, असे मी म्हणत नाही. पण नळ ज्या गावावरून जातो, त्या गावाने घसा कोरडा ठेवून तो पाहत राहावा, हे मला पटत नाही.

जुन्या काळच्या लोकांनी या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते. याच तालुक्यातून वर जुन्नरकडे जाणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग आहे. तेथील लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे. घाटात जागोजागी कातळ खोदून पाण्याची टाकी केलेली आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठते. वाटसरू आणि त्यांची जनावरे ते पीत. राजस्थानातील लोकही अंगणात उतार करून पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाक्यात साठवतात. त्याला ते टांका म्हणतात. आपल्या उर्दूतला हौज मराठीत येऊन हौद झाला आहे. शब्द फिरले तशी ही युक्तीही देशोदेशी फिरली असेल काय? पाऊस थोडा असो की फार, तो चारच महिने पडणार आणि आठ महिने पुरवायचा, हे ज्यांना समजले, त्यांनी टाकी खोदली.

पहाटे मी मुलांना उठवून डवऱ्याची हकिकत सांगितली. सकाळी गडावरची गुहा पाहायला जायचे ठरलेले होते. ऊन चढण्याआधी एकच काम होण्यासारखे होते. थोडा वेळ वाद झाला. चौघांना गुहा पाहायचीच होती, आणि त्यांत काही गैर नव्हते. त्यासाठीच तर ते आले होते. ते कवायतीच्या सरांबरोबर वर गेले. आजारी मुलगा मावशीच्या ओट्यावर, तिच्या सासूबाईंजवळ बसला. उरलेली तीन मुले व मी, असे चौघे चार कॅन घेऊन सायकलींवरून निघालो. म्हशाच्या बाजूला तीन किलोमीटरवर एका शेतकऱ्याची विहीर होती आणि तिला पाणी होते. डोक्यावर हंडा घेऊन तीन किलोमीटर येणे फार अवघड. सायकलीला मात्र ते अंतर काहीच नाही.

शेतकऱ्याने आनंदाने पाणी दिले. परतीची वाट थोडी चढाची होती. कॅरिअरवर पाणी असले की सायकल वेगळीच वागते. कॅनमधले पाणी हिंदकळते आणि मागचे चाक ओढले जाते. मुलांनी कॅन काठोकाठ भरले व दोरी दोनदा आवळली, त्यामुळे ते हलले नाहीत. पहिल्या खेपेला एकच कॅन पडला, आणि तो माझा होता. झाकण उडाले. मुरमाने ते पाणी क्षणात पिऊन टाकले. आम्ही चौघे त्या ओल्या डागाकडे पाहत उभे राहिलो. दुकानदाराच्या मुलाने काही न बोलता माझी दोरी सोडून नव्याने बांधली.

दोन खेपांत पस्तीस लिटर पाणी मावशीच्या दारात आले. एक हंडा आणि त्याच्या वर दुसरा भरला, तरी थोडे उरले. ते तिने शेजारणीच्या कळशीत ओतले. "एवढंच घेतलं होतं का तुम्ही?" असे म्हणून ती हसली. तिसऱ्या खेपेचे पाणी आम्ही आमच्या परतीसाठी ठेवले. आजारी मुलगा एव्हाना सासूबाईंबरोबर टोपली घेऊन मोहाची फुले वेचत होता. ही फुले पहाटे आपोआप गळून पडतात. लोक ती वाळवून ठेवतात. त्याने एक फूल मला चाखायला दिले. ते गोड होते आणि त्याला उग्र वास होता.

साडेनऊला गडावरची मुले खाली आली. वरच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या आहेत, गुहा ऐसपैस आहे, तिच्यासमोर चाफ्याची झाडे आहेत आणि थेट समोर मच्छिंद्रगड दिसतो, असे सगळे जण एकदम सांगू लागले. मग त्यांच्यातला सर्वांत धाकटा म्हणाला, "सर, तिथे दगडात टाकी आहेत. त्यांत पाणी आहे. गार पाणी!" खाली नदी आटलेली, विहीर आटलेली, आणि डोंगराच्या अंगावर पाणी! तो पुन्हा पुन्हा हेच सांगत राहिला.

या वेळी मी भर उन्हात निघालो नाही. चार वाजेपर्यंत आम्ही मोहाच्या सावलीत बसून राहिलो. आजारी मुलगा कवायतीच्या सरांबरोबर जीपने गेला. त्यांच्या सायकली जीपच्या टपावर बांधल्या. बाकीचे आम्ही सायकलींवरून निघालो. दर पंधरा मिनिटांनी थांबायचे आणि प्रत्येकाने दोन घोट प्यायचे, तहान असो वा नसो, असा नियम केला. कोणी नको म्हटले तरी प्यायला लावले.

फाट्यावरच्या हातपंपाजवळ दुकानदाराचा मुलगा उतरला. त्याने उगीच एकदा दांडा दाबून पाहिला. मग खिशातून चुलीतल्या कोळशाचा तुकडा काढला आणि पंपाच्या सिमेंटच्या कट्ट्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : पंप बंद आहे. विहीर पुढे.

लिहून झाल्यावर त्याने वळून मला विचारले, "सर, विहीर या शब्दात पहिली वेलांटी ऱ्हस्व आणि दुसरी दीर्घ, बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

शब्दार्थ

मुरूम – बारीक खडीसारखी तांबूस माती. सुळका – उंच, टोकदार डोंगर. वणवा – रानात पसरणारी आग. डवरा – नदीच्या पात्रात पाण्यासाठी खणलेला खड्डा. करवंटी – नारळाचे रिकामे कवच. कातळ – अखंड खडक. पाझरणे – थेंब थेंब बाहेर येणे. हिंदकळणे – भांड्यातले पाणी हलून उसळणे. ऊन बाधणे – उन्हाचा त्रास होणे. ऐसपैस – मोकळी, प्रशस्त.

स्वाध्याय

१. लेखकाचा पाण्याचा हिशेब कोठे चुकला? तुमच्या शब्दांत लिहा.

२. पाण्याशिवाय पंक्चर कसे शोधले?

३. "मला काय, उद्या पुन्हा जायचंच आहे." हे वाक्य कोण, कोणाला व केव्हा म्हणाले?

४. चार मुले गडावर गेली व तीन मुले पाणी आणायला गेली. तुम्ही कोणाबरोबर गेला असता? का?

५. तुमच्या घरी रोज किती हंडे पाणी लागते, ते मोजा. ते कोठून येते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

६. हौज – हौद यांसारखे उर्दूतून मराठीत आलेले पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.